बाहेरच्या स्पर्धेआधी घरची लीग: लहान बॅडमिंटनपटूंसाठी चार रविवारांचा आराखडा

टॉस जिंकल्यावर अंपायरनं विचारलं, "काय घेणार?" आणि तो वळून माझ्याकडे बघत राहिला. तेरा वर्षांचा मुलगा. दोन वर्षं रोज संध्याकाळी आमच्या हॉलवर खेळणारा, ड्रॉप, म्हणजे नेटपलीकडे अलगद पडणारा फटका, असा सुरेख की मोठी माणसं थांबून बघायची. पण आमच्याकडे खेळ सुरू व्हायचा तो "चल, टाक सर्व्हिस" म्हणून. सर्व्हिस, रिसीव्ह की बाजू, हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिथे जो भांबावला तो पहिला गेम हातचा गेला तरी सावरला नाही. अंपायर मोठ्यानं स्कोअर पुकारतोय, मागे अनोळखी माणसं बसलीत, आणि शटल पिसांचं, रोजच्या नायलॉनच्या शटलपेक्षा वेगळंच उडणारं. चूक त्याची नव्हती. आम्ही त्याला फटके शिकवले होते, स्पर्धा शिकवली नव्हती.

तेव्हापासून दर पावसाळ्यात, बाहेरच्या स्पर्धा सुरू होण्याआधी, आम्ही आमच्याच मुलांची सांघिक लीग घेतो. कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यातला एका कोर्टाचा हॉल, सोळा मुलं, चार रविवार. एवढ्यात भागतं. तुम्ही शाळेत नव्यानं क्रीडाशिक्षक म्हणून लागला असाल, नुकतंच कोचिंग सुरू केलं असेल, किंवा चार पालक मिळून हॉल भाड्यानं घेत असाल, तरी हे जमण्यासारखं आहे. फक्त ज्या क्रमानं सांगतोय त्या क्रमानं करा.

आधी तारखा धरा

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची मुलं कोल्हापूर विभागात येतात. म्हणजे जिल्ह्यात जिंकलेलं पोर पुढचा सामना खेळायला फोंडा नाही तर करूळ घाट चढून अनोळखी हॉलमध्ये उभं राहणार. खालच्या फेऱ्या साधारण पावसाळ्यात आणि त्याच्या आसपास येतात. त्यामुळे लीग त्याच्या आधी संपली पाहिजे.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊ नका. लावणीचे दिवस असतात, निम्मी मुलं घरच्यांबरोबर शेतात असतात, आणि ती तिथे असणंच बरोबर आहे. लावणी आटोपली की सुरुवात करा आणि गणपतीच्या निदान दोन आठवडे आधी संपवा. चाकरमानी यायला लागले, घरात गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची गडबड सुरू झाली की रविवारी सकाळी साडेसातला एकही पोर येत नाही.

संघ पाडताना मुलांना निवडायला लावू नका

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे. दोन चांगले खेळाडू कप्तान करायचे आणि आळीपाळीनं मुलं निवडायला सांगायची, ही आपली गल्लीतली रीत. त्यात शेवटी उरणारं मूल कोण हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्या मुलालाही. लीग ज्याच्यासाठी घ्यायची तेच पोर पहिल्या दहा मिनिटांत मिटून जातं.

त्याऐवजी तुम्ही घरी बसून सोळाही मुलांचा १ ते १६ असा क्रम लावा. ही यादी कुणालाही दाखवू नका, भिंतीवर तर मुळीच लावू नका. मग नागमोडी वाटणी करा. पहिल्या संघात १, ८, ९, १६. दुसऱ्यात २, ७, १०, १५. तिसऱ्यात ३, ६, ११, १४. चौथ्यात ४, ५, १२, १३. कुठल्याही संघाची बेरीज करा, ३४ च येते. प्रत्येक संघात एक पहिल्या चौकडीतला, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या आणि एक शेवटच्या चौकडीतला खेळाडू येतो. मुलं-मुली एकत्रच धरा. सुदीरमन कपसारखी जागतिक स्पर्धाही स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांचीच असते आणि या वयात एकेरीतही फारसा फरक पडत नाही.

संघांना नावं द्या. आमच्याकडे विजयदुर्ग, देवगड, पद्मगड आणि यशवंतगड आहेत, चारही आपल्या जिल्ह्यातले किल्ले. नावामुळे फरक पडतो. "तू कुणाकडून?" या प्रश्नाला "पद्मगड" असं उत्तर देणारं पोर सरळ उभं राहून खेळतं.

कप्तान मात्र सर्वात चांगल्या खेळाडूला करू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या चौकडीतला, जो इतरांशी बोलतो, असा निवडा.

एका लढतीत काय काय खेळायचं

दोन संघांच्या एका लढतीत पाच सामने. चार एकेरी आणि शेवटी एक दुहेरी. एकेरीत त्या त्या चौकडीतला खेळाडू समोरच्या त्याच चौकडीतल्याशी खेळतो, म्हणजे सामने अटीतटीचे होतात. क्रम उलटा ठेवा. शेवटच्या चौकडीतल्यांचा सामना सर्वात आधी, आणि त्याला नाव 'पहिली एकेरी'. लढत त्यांनीच उघडायची. सगळा संघ ताजातवाना असतो, सगळे टाळ्या वाजवायला बसलेले असतात, आणि लहानग्याला वाटतं की सुरुवात माझ्यापासून आहे. तशी ती असतेही.

दुहेरीची जोडी कप्तान ठरवेल. अट एकच: तीन लढतींत तीच जोडी पुन्हा नाही, आणि प्रत्येकानं निदान एकदा तरी दुहेरी खेळलीच पाहिजे. २-२ झाल्यावर दुहेरीला कुणाला उतरवायचं हा निर्णय बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घ्यायला लावणं, यात खूप शिकणं आहे. मोठ्यांनी तेव्हा तोंड बंद ठेवावं.

सामना २१ गुणांच्या एका गेमचा. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी लागते, आणि २९-२९ झाले तर ३० वा गुण घेणारा जिंकतो. ११ गुणांवर ६० सेकंदांची विश्रांती. हे सगळं २००६ साली आलेल्या २१ गुणांच्या पद्धतीप्रमाणेच चालू द्या. आपल्या सोयीसाठी "चल, २१ झाले, संपलं" असं करू नका. २०-२० च्या पुढे खेळणं हे वेगळंच खेळणं असतं, आणि ते फक्त खेळूनच कळतं.

वेळेचा हिशेब असा. चार संघ एकमेकांशी एकदा खेळले की सहा लढती होतात, म्हणजे ३० सामने. एका रविवारी दोन लढती, दहा सामने. एका सामन्याला टॉस आणि नॉक-अप (सामन्याआधीचा थोडा सराव) धरून वीस मिनिटं. साडेसातला सुरू केलं तर अकराच्या आत आटोपतं. तीन रविवारांत साखळी संपते, चौथ्या रविवारी अंतिम लढत.

गुणतक्ता लढती जिंकण्यावर नको, सामने जिंकण्यावर लावा. एकूण पंधरा सामन्यांपैकी किती जिंकले ते मोजा. मग ३-० झाल्यावरही उरलेले दोन सामने फुकट जात नाहीत. सारखे आले तर मिळवलेले आणि गमावलेले गुण मोजा. इथेच मुलांना कळतं की २१-९ नं हरणं आणि २१-१७ नं हरणं एक नाही.

आणि कुणी आजारी पडला तर? दुसऱ्या लढतीतल्या त्याच चौकडीतलं मूल 'उसनं' घ्या. वॉकओव्हर देऊन समोरच्या मुलाला न खेळता घरी पाठवू नका. ते पोर आठवडाभर वाट बघत असतं.

कोर्टाच्या बाहेरची कामंही मुलांचीच

ज्या दोन संघांची लढत चालू नाही त्यांच्यातून एक अंपायर, एक स्कोअर लिहिणारा आणि दोघं लाइनवर. दर सामन्याला माणसं बदलायची. सुरुवातीला हे मला नुसतं सोयीचं वाटलं होतं. आता वाटतं की लीगमधला निम्मा उपयोग यातच आहे.

अंपायरच्या खुर्चीत बसलेल्या मुलाला स्कोअर मोठ्यानं पुकारावा लागतो: "लव्ह ऑल, प्ले." सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी म्हणायचे. सर्व्हिस बदलली की "सर्व्हिस ओव्हर" म्हणून नव्या सर्व्हरचा स्कोअर आधी. गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून सर्व्हिस. दुहेरीत कुणी कुठे उभं राहायचं यात मोठी माणसंही चुकतात. खुर्चीत दोन सामने काढलेलं मूल मात्र चुकत नाही, कारण त्याला ते स्वतः बोलावं लागलेलं असतं.

सर्व्हिसच्या उंचीसाठी एक सोपी युक्ती. २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे रॅकेट लागते त्या क्षणी पूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. नेटच्या दोन्ही खांबांवर १.१५ मीटरवर रंगीत टेप चिकटवा. खांब १.५५ मीटर उंच असतो, त्यामुळे टेप नेटच्या वरच्या काठाच्या बरीच खाली येते आणि अंपायरला नजरेनं अंदाज बांधता येतो. उंच मुलांचा बॅकहँड सर्व्ह घाईत वर सरकतो. तो फॉल्ट घरच्या अंपायरनं दिलेला बरा. बाहेर पहिल्यांदा मिळाला तर पुढचे चार सर्व्ह हात थरथरत होतात.

लाइनवरून वाद होणारच. छोट्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांना सगळीकडे लाइनमन मिळत नाहीत. तेव्हा मुलांना एकच पद्धत शिकवा: पटलं नाही तर अंपायरकडे बघून शांतपणे एकदा विचारायचं, उत्तर मिळालं की मागे वळायचं. आमच्या गेल्या लीगमध्ये एका मुलीनं आपल्याच मैत्रिणीचं शटल 'आउट' दिलं. मैत्रीण रडवेली झाली, पण निर्णय बरोबर होता आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. पुढचा गुण सुरू व्हायच्या आत तिनं डोळे पुसले, रॅकेट वर केली आणि "रेडी" म्हणाली. एवढं जमलं की बाहेर परक्या लाइनमनचा निर्णय पचवायला जड जात नाही.

बाकावर बसणाऱ्यांचा साठ सेकंदांचा वेळ

एकेरी स्पर्धेत मूल हरलं की एकटं हरतं. संघात त्याच्यामागे तिघं बसलेले असतात. थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, आठवा. तीन एकेरी, दोन दुहेरी अशी पाच सामन्यांची लढत. २०२२ मध्ये बँकॉकला भारतानं तो पहिल्यांदा जिंकला, अंतिम लढतीत इंडोनेशियाला ३-० हरवून. पण त्याआधी मलेशिया आणि डेन्मार्क या दोन्ही लढती २-२ वर आल्या होत्या आणि दोन्ही वेळा पाचवा सामना एच. एस. प्रणॉयनं काढून दिला. डेन्मार्कविरुद्ध तर तो घसरून पडला, घोटा दुखावला, पहिला गेमही गेला, तरी उभा राहून जिंकला. अंतिम फेरीत त्याच्यावर खेळायची वेळच आली नाही. मी मुलांना हे दरवर्षी सांगतो, कारण चार सामने बाकावर बसून मग उतरणं आणि आपली पाळी आलीच नाही तरी टाळ्या वाजवत राहणं, दोन्ही त्यात आहे.

११ गुणांच्या विश्रांतीत खेळाडूजवळ संघातला एकच जण जाईल. तुम्ही नाही. त्यानं दोनच गोष्टी सांगायच्या, एक समोरच्याबद्दल आणि एक आपल्याबद्दल. पहिल्या रविवारी मुलं नुसतं "चल चल, जिंकायचं" म्हणतात. तिसऱ्या रविवारपर्यंत खरं बघायला लागतात. मागच्या वर्षी ७-११ नं मागे असलेल्या एकाजवळ त्याचा कप्तान पाण्याची बाटली घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "तो सारखो पुढेच येता. मागे उंच टाक." बस, एवढंच. नेटजवळ ड्रॉपवर ड्रॉप घालत बसलेला तो मुलगा परत आला आणि सलग तीन क्लिअर मारले. हा सल्ला मीही दिला असता, पण मित्रानं दिलेला त्यानं ऐकला.

दोन गेमच्या मधली विश्रांती १२० सेकंदांची असते. अंतिम लढतीत ती वापरायला मिळते. कुणाच्या तरी हातात घड्याळ द्या आणि काटेकोर पाळा. बाहेरचा अंपायर वेळेवर बोलावतो तेव्हा गडबडायला नको.

परिस्थिती बाहेरच्यासारखी करा

रोजच्या सरावाला आपण नायलॉनचं शटल वापरतो, कारण पिसांचं परवडत नाही. ठीक आहे. पण नायलॉनच्या डब्यावर टोपीचा रंग बघून घ्या. हिरवी पट्टी संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. कोकणातल्या उकाड्यात हिरवीच घ्या. उष्ण हवा विरळ असते, शटलला अडवत नाही, ते लांब जातं, आणि मुलांचे सगळे क्लिअर मागच्या रेषेबाहेर पडतात. मग मुलं हात आखडता घेतात, आणि ती सवय मोडायला महिने जातात.

लीगमध्ये मात्र पिसांचं शटल वापरा, निदान शेवटच्या दोन रविवारी. बहुतेक नळ्यांवर ७६, ७७, ७८ असे वेगाचे आकडे असतात. किनाऱ्यावर ७६ बरं पडतं. काही कंपन्यांचे आकडे निराळे असतात, तेव्हा दुकानदाराला 'उष्ण हवेसाठी संथ' असं सांगून मागा. शटल तपासायला मुलांनाच शिकवा. मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण ताकदीनं, कडेच्या रेषेला समांतर मारायचं. पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर शटल बरोबर. हे एकदा केलं की मुलं परक्या हॉलमध्ये नॉक-अपच्या दोन मिनिटांतच शटल कसं जातंय ते ओळखतात.

पंखे बंद. हॉल तापतो, मुलं घामाघूम होतात, पण सामन्यात पंखे चालू नसतात. ग्रिप निसटते. प्रत्येकाच्या पिशवीत लहान टॉवेल, जादा ग्रिप आणि शक्यतो दुसरी रॅकेट हवी. नसेल तर संघात एक राखीव रॅकेट ठेवा, रॅकेटची तार मधेच तुटते. पावसात तांबड्या मातीनं भरलेले बूट कोर्टावर आणू देऊ नका. हॉलचे बूट वेगळे, ते पिशवीतून आणायचे आणि दारात बदलायचे. पत्र्यातून गळत असेल तिथे बादली ठेवा, आणि दमट हवेनं लाकडी कोर्टाला ओल सुटली की दर सामन्याआधी कोरड्या फडक्यानं पुसा. पाय घसरून गुडघा गेला तर एक अख्खा हंगाम जातो.

वीज गेली तर? पावसाळ्यात जाणारच. खेळ थांबवा, स्कोअर लिहून ठेवा, वीज आली की तिथूनच पुढे सुरू करा. नियमही तसाच आहे. मुलांना त्या वेळात गप्पा मारत बसू देऊ नका, हलकं चालत, पाय हलवत ठेवा. थंड पडलेल्या अंगानं १७-१७ वरून परत सुरू करणं कठीण असतं, आणि बाहेरही हे होतं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम करावी लागते, ती म्हणजे वाट बघणं. बाहेरच्या स्पर्धेत दहाचा सामना दीडला होतो. तिसऱ्या रविवारी मुलांना सामन्यांचा क्रम सांगू नका. सगळ्यांनी सव्वासातला हजर राहायचं, नाव पुकारलं की पाच मिनिटांत कोर्टावर. कुणाला पहिल्याच मिनिटाला बोलवा, कुणाला अडीच तासांनी. अडीच तास थांबलेलं मूल काय करतं ते बघा. वडापाव खाल्ला? मोबाइलवर बसलं? पायात बूट आहेत की चप्पल? बाकी काही न शिकवता हा एक रविवार खूप शिकवून जातो. खायला केळी, थोडे शेंगदाणे, आणि प्यायला आगळाचं (कोकमाच्या रसाचं) सरबत, त्यात मीठ विसरायचं नाही. घामावाटे जे जातं ते नुसत्या पाण्यानं भरून येत नाही.

याच रविवारी सामन्यांत आणखी एक बदल करा. हा तिसरा आणि निर्णायक गेम आहे असं समजून खेळा, म्हणजे ११ गुणांवर बाजू बदलायची. ६० सेकंदांत सामान उचलून पलीकडे जायचं, दिवे आता दुसऱ्या बाजूनं डोळ्यांत येणार. ज्यानं हे कधी केलेलं नसतं त्याचे पुढचे तीन-चार गुण यातच जातात.

दहा-अकरा वर्षांच्यांसाठी रिले

लहान मुलांचा गट असेल तर त्यांच्यासाठी दुसरी एक पद्धत चांगली आहे. जागतिक ज्युनिअर मिश्र सांघिक स्पर्धेत २०२४ साली नानचांगला गुण पुढे नेण्याची रिले पद्धत आणली, ११० गुणांपर्यंतची. २०२५ मध्ये स्पर्धा आपल्याकडे गुवाहाटीला झाली तेव्हा ४५ गुणांचे सेट होते, आणि भारतानं त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, या सांघिक स्पर्धेतलं आपलं पहिलं पदक.

आपल्यासाठी ५५ गुणांची करा. पाच टप्पे. पहिल्या टप्प्यात एक संघ ११ ला पोचला की दोघेही खेळाडू बाहेर, पुढचे दोघे त्याच स्कोअरवरून सुरू करतात आणि कुणीतरी २२ ला पोचेपर्यंत खेळतात. मग ३३, ४४, ५५. यात २०-२० सारखी बरोबरीची भानगड नाही. एका लढतीला पाऊण-एक तास लागतो.

याची गंमत खेळताना बघावी. आमच्याकडे एकदा यशवंतगड १४-२२ असा मागे होता. तिसऱ्या टप्प्यात त्यांची सर्वात लहान मुलगी उतरली, रॅकेट तिच्या मानानं लांबच. तिला कुणीतरी सांगितलं होतं, जिंकायचं नाहीये, फक्त अंतर कमी करायचंय. तिनं शटल उंच मागे टाकण्यापलीकडे काही केलं नाही. टप्पा संपला तेव्हा स्कोअर होता २९-३३. आठाचे चार झाले होते. ती बाहेर आली तेव्हा संघातल्या मोठ्या मुलांनी तिला जवळ घेतलं. तिच्या नावावर विजय लागला नव्हता, पण तिनं काय केलं ते सगळ्यांना आकड्यांत दिसत होतं. हे साध्या सामन्यात दिसत नाही.

पालकांशी आधीच बोला

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पालकांना बोलवा, दहा मिनिटं पुरतात. सांगायचं एवढंच: बसायची जागा बाजूला, कोर्टाच्या मागे नाही. गुण चालू असताना बोलायचं नाही. टाळ्या दोन्ही बाजूंना. आणि घरी जाताना गाडीवर सामन्याबद्दल मुलांनी विषय काढला तरच बोलायचं. हे शेवटचं पाळणं सर्वात अवघड, आणि सर्वात महत्त्वाचं. मी पालक म्हणूनही ते पाळायला शिकलो.

स्कोअरशीट फेकू नका

स्कोअर लिहिणाऱ्याला गुण क्रमानं लिहायला लावा, नुसता शेवटचा आकडा नको. रविवारी दुपारी तो कागद घेऊन बसा. एका मुलीची शीट माझ्याकडे अजून आहे. ती ११-८ नं पुढे होती, विश्रांती झाली, आणि मग सलग सात गुण गेले. ११-१५. तिचा फटका बिघडला नव्हता. पुढे असताना ती शटल नुसतं परत करायला लागायची, मारायची नाही. समोरची मग धीट व्हायची. हे हॉलमध्ये बघताना मला तीन महिने दिसलं नव्हतं, कागदावर एका नजरेत दिसलं.

मग आठवड्याचा सराव तिथूनच ठरवा. तिला रोज ११-८ वरून खेळवायचं, पहिले चार गुण तिनंच हल्ला करायचा. दुसरा कुणी १८ नंतर सर्व्हिस नेटमध्ये घालत असेल तर त्याला रोज १८-१८ पासून. मुलांनाही वहीत तीन ओळी लिहायला सांगा: काय चाललं, काय चुकलं, पुढच्या रविवारी काय करून बघणार. जास्त नको, नाहीतर लिहिणंच बंद होतं.

चौथा रविवार

पहिले दोन संघ अंतिम लढत खेळतात. इथे सामने तीन गेमचे, खऱ्या नियमांनी. पाच सामन्यांना तीन तास धरा. उरलेले दोन संघ शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या जागेसाठी एका गेमचे सामने खेळतात आणि रविवारी सगळ्या खुर्च्या, लाइन, स्कोअर तेच सांभाळतात.

या दिवशी सगळं रीतसर. नाव पुकारणं, टॉस, नॉक-अपला दोनच मिनिटं, सामन्यानंतर समोरच्याशी आणि अंपायरशी हात मिळवणं. शक्य असेल तर गावातल्या एखाद्या जुन्या खेळाडूला अंपायर म्हणून बोलवा. अनोळखी माणूस खुर्चीत बसला की मुलांचे खांदे कसे आखडतात ते दिसतं. ते इथेच दिसलेलं बरं. बक्षीस छोटं ठेवा. आम्ही जिंकलेल्या संघाला पिसांच्या शटलची एक नळी देतो, ती पुढच्या आठवड्यात सगळे मिळून वापरतात.

यानंतर शेजारच्या तालुक्यात

लीग संपली की मुलांचा क्रम पुन्हा लावा, तो बदललेला असतो. मग शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या हॉलवर फोन करा आणि त्यांच्याशी एक लढत ठरवा, ह्याच पाच सामन्यांच्या पद्धतीनं, एकदा त्यांच्याकडे, एकदा आपल्याकडे. फोनवर चार गोष्टी पक्क्या करा: मुलांची वयं जन्मदाखल्याप्रमाणे, शटल कुठलं आणि कुणी आणायचं, अंपायर कोणाचे, आणि दुपारच्या जेवणाचं काय. एसटीनं जायचं असेल तर पहिली गाडी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी डेपोत विचारून घ्या, पावसात वेळापत्रक बदलतं. आणि निघताना प्रत्येक पिशवी उघडून बघा: हॉलचे बूट, टॉवेल, पाणी, जादा टी-शर्ट. बूट घरी राहिलेलं एक तरी पोर निघतंच, म्हणून मोठ्या मापाचा एक जोड मी नेहमी बरोबर ठेवतो.